आईचा खिळा आणि माझा ताप

देवास,
श्रावण वद्य पंचमी, १९५७

ती. सौ. उमाअक्का हिच्या चरणी धाकटा भाऊ चिंतामणी याचा साष्टांग नमस्कार. या खेपेचा नमस्कार नेहमीपेक्षा बराच वेळ जमिनीवर आहे असं समज, कारण वर मान करून तुझ्याकडे बघायची माझी पत्रातसुद्धा छाती होत नाही. ते का, हे पुढे येईल. आधी विचारपूस. धारेतला तो मेला ताप आता ओसरला ना? तात्यासाहेबांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं गुळण्या करा आणि मंडळाच्या सभेत ओरडणं कमी करा. (हे मेहुण्याने म्हटलेलं चालणार नाही, तेव्हा तुझं म्हणून सांग.) तुझे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे देवाच्या कृपेने ठीक आहे, म्हणजे माझी लायकी बघता जितकं ठीक असायला हवं त्याहून पुष्कळच ठीक आहे. आई उभी राहते. धरून चार पावलं टाकते. पायावर पुरा भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, आणि ती ते शांतपणे ऐकून घेते व डॉक्टर गेले की स्वयंपाकघरात जाते.

तात्यासाहेबांचं पत्र परवा पोचलं. गणपतीचं चित्र छापलेला मंडळाचा कागद बघून मला वाटलं वर्गणीचं असेल. उभ्यानेच वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला खाली बसलो. यंदाच्या उत्सवात माझा जाहीर सत्कार म्हणे! अंगात ताप फणफणत असताना म्हाताऱ्या आईला इंदूरला नेऊन तिच्या मोडक्या खुब्यात खिळा ठोकवून आणणारा ‘आधुनिक श्रावणबाळ’ म्हणून! शाल, श्रीफळ, आणि वर ‘मातृसेवा’ या विषयावर माझंच भाषण. आराससुद्धा श्रावणबाळाचीच करणार आहेत, आणि कावडीच्या एका पारड्यात खरोखरची आई बसवता येईल का व दुसऱ्यात वडील म्हणून नानांचा फोटो ठेवला तर शोभेल का, अशी तात्यासाहेबांनी पृच्छा केली आहे. (नानांचा फोटो फेटा घातलेला आहे आणि नाना त्यात रागावलेले दिसतात. आता ते कशासाठी रागावले होते ते मला कळतं.) आई आतून विचारत होती काय लिहिलंय, तर मी म्हटलं, खोकला बरा आहे म्हणतात.

खाली तू तुझ्या अक्षरात दोन ओळी घातल्या आहेस, की भाषणाला उपयोगी पडेल म्हणून सगळी हकीकत सविस्तर लिही, काही गाळू नकोस. तर अक्का, गाळत नाही. तूच म्हणालीस.

जूनमध्ये इथे तापाची साथ जोरात होती तेव्हा शाळेला सुट्टी होती. दुर्गा मुलांना घेऊन राजगढला माहेरी गेली होती, आणि तिच्या माहेरी सगळेच आडवे झाल्यामुळे तिकडेच अडकून पडली. घरात आई आणि मी. एके दिवशी तहसिलीतून निघालं की मास्तर लोकांनी खेड्यांत जाऊन गोळ्या वाटायच्या, तापाचे लोक मोजायचे, लोकांना समजावून सांगायचं. माझं नाव बागलीकडच्या गावांना लागलं. आता तू मला ओळखतेस. मी कवायतीचा मास्तर. रोज सकाळी दोनशे पोरांपुढे शिट्टी फुंकून सांगतो की छाती पुढे, पोट आत, रोग भित्र्याला धरतो. त्या यादीत नाव बघितल्याबरोबर माझं पोट आत गेलं ते काही शिट्टीने गेलं नाही. पोस्टमन आजारी, तहसिलीतले अर्धे कारकून आजारी, पलीकडच्या आळीत एक धडधाकट हलवाई चार दिवसांत गेला. मी घाबरलो, अक्का. दुसरा शब्द नाही त्याला. आणि विचार केला की इन्फ्लुएन्झाची ड्यूटी टाळायची तर आपल्यालाच इन्फ्लुएन्झा झालेला बरा. चिठ्ठी पाठवली आणि माडीवर जाऊन घोंगडी पांघरून पडलो. जूनच्या महिन्यात देवासला माडीवर घोंगडी! घाम असा फुटला की बघणाऱ्याला ताप खराच वाटावा.

वर मीच नियम केला की माडीवर कोणी यायचं नाही, संसर्ग होतो. आईने जेवण जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवून हाक मारायची, ती आत गेली की मी उतरून घेऊन जायचं. हा नियम मला त्या वेळी फार उदात्त वाटला होता. पण तापकऱ्याला आई काय देणार? पेज आणि काढा, सकाळी पेज आणि काढा, संध्याकाळी काढा आणि पेज. काढा तिचा तोच, सुंठ, तुळस, अडुळसा, प्यायल्यावर डोळ्यांतून पाणी येणारा. आजारी माणसाची भूक मरते म्हणतात, माझी तर दुप्पट झाली, कारण सवयीने सकाळच्या बैठकाही सुटत नव्हत्या (पडून राहिलं की माझी पाठ धरते). आई देवळात गेली की मी हळूच उतरून बेसनाच्या लाडवांचा डबा उघडायचो. एका वेळी एकच घ्यायचो, नंतर नंतर दोन. तिला काही कळत नाही अशी माझी समजूत होती.

एका दुपारी आईने नियम मोडला. का ते मला तेव्हा कळलं नाही. हाक न मारता ती स्वतःच जिना चढू लागली. तो जिना तुला माहीतच आहे, दोर धरल्याशिवाय मांजरही चढत नाही, आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले. धाडकन आवाज झाला आणि त्यामागून काढ्याच्या तांब्याचा आवाज पायऱ्या मोजत खाली गेला. मी दोन दोन पायऱ्या उतरून धावलो. ती खाली पडलेली, उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. सगळीकडे काढा. मधल्या पायरीवर लोण्याचा गोळा चिकटलेलं एक थालीपीठही पडलं होतं, ते तिचं स्वतःचं असेल, घाईत हातात राहिलं असेल असं मला वाटलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली असेल? म्हणाली, तू खाली कशाला आलास, तुला ताप आहे ना? आणि तेवढ्यात दारात शेजारच्या जगदेवकाकांची चाहूल लागली. अक्का, मी आईचं डोकं खाली ठेवलं आणि जिना चढून परत घोंगडीत शिरलो. हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं. चौथ्यांदा लिहिलं ते राहू देतो.

आता पुढचं समजायला तात्यासाहेबांना थोडं सांगावं लागेल, कारण ते पडले धारेचे, एका गावात दोन राजे ही गोष्ट त्यांना अजून थट्टाच वाटते. त्यांना म्हणावं, देवासला संस्थानं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरी. ती विलीन होऊन दहा वर्षं होत आली, पण आमचे जगदेवकाका विलीन झालेले नाहीत. ते थोरल्या पातीच्या पागेवर होते, आणि अजून तंबाखूसुद्धा रस्त्यापलीकडून घेत नाहीत. आपले नानाही थोरल्या पातीच्याच चाकरीत होते. आणि गावातले त्यातल्या त्यात शिकलेले डॉक्टर कृष्णराव, ते धाकट्या पातीकडच्या घरातले, त्यांचा दवाखाना पलीकडच्या अंगाला, इतका जवळ की माझ्या माडीच्या खिडकीतून पाटी वाचता येते.

जगदेवकाकांनी दोघांना हाक मारून आईला खाटेवर घेतलं आणि आपल्या पातीतला पहिलवान आणवला. हा पहिलवान हाडं बसवतो, माणसांची आणि घोड्यांचीही, आणि काका म्हणतात घोड्यांची जास्त चांगली. पण त्याने पायाला हात लावल्यावर आईने जो श्वास ओढला तो काकांना बघवला नाही. ते जिन्याच्या तळाशी आले आणि वर ओरडून म्हणाले की चिंतामणी, प्रसंग बाका आहे, तू म्हणत असशील तर मी स्वतः रस्ता ओलांडतो आणि कृष्णरावाला घेऊन येतो. अक्का, या माणसाच्या तोंडून हे! मी खिडकीतून पाटी बघत होतो. आणि माझ्या मनात काय आलं, तर कृष्णराव आले की आईला बघतील, आणि मग म्हणतील, वर तापाचा रोगी आहे ना, चला त्यालाही बघू. माझ्या तोंडात थर्मामीटर घालतील. बस्स, तेवढंच. मी आवाज शक्य तितका क्षीण केला आणि म्हटलं, नको काका, नानांनी जन्मभर थोरल्या पातीचं अन्न खाल्लं, आपल्या घरात आपल्या पातीचाच हात लागू द्या. खालून हुंदका ऐकू आला. काका रडत होते. आजही ते भेटेल त्याला सांगतात की पोरगा तापाने भाजत होता पण पातीची अब्रू विसरला नाही.

असं करून आई आठवडाभर पहिलवानाच्या हाती राहिली. आंबेहळदीचा लेप, बांबूच्या कामट्या, आणि रोज सकाळी पाय ओढणं. ती ओरडली नाही. एकदाही नाही. मी वर पडल्या पडल्या ऐकत असायचो आणि तिचा आवाज येत नाही म्हणजे दुखणं उतरत असेल असं स्वतःला समजवायचो. आणि तिची पेज आता शेजारून येत होती, माझीही.

शेवटी कृष्णरावच आले. साथीत ते घराघरात फिरत होते आणि पातीबिती काही बघत नव्हते. सरळ आत शिरले, आईच्या पायाकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, इतके दिवस काय करत होता, आजच्या आज इंदूरला न्या. मग जिन्याकडे बघून म्हणाले, वर रोगी आहे म्हणे? त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोवर मी घामाने निथळत खाली हजर, आणि जाहीर केलं की आत्ताच ताप उतरला. त्यांनी माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नुसतं ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’ने माझी झोप नेली आहे.

मोटारी बंद होत्या, ड्रायव्हर सगळे आडवे. एका सरदारजीचा कडब्याचा ट्रक इंदूरला निघाला होता, त्यावर गादी घालून आईला निजवलं. तो बिचारा, माताजी, माताजी करत खड्डा टाळून चालवत होता. क्षिप्रेच्या पुलावर आईने निजल्या निजल्या हात जोडले आणि मलाही जोडायला लावले. तुला जे कार्ड मी इंदूरहून लिहिलं, ‘अंगात ताप असताना आईला घेऊन आलो,’ ते या प्रवासाचं वर्णन. लिहिताना वाक्य जरा बरं दिसत होतं म्हणून लिहिलं. टपालात पडल्यावर परत काढता येईना. ते तू हळदीकुंकवाला बायकांत वाचून दाखवशील हे मला काय ठाऊक?

इस्पितळात तर काय सांगू! निम्मे डॉक्टर आणि नर्सा स्वतःच तापात. खाटा भरलेल्या, ओसरीवर गाद्या, आणि जिकडे तिकडे खोकला. आम्हाला जे सर्जन मिळाले ते तरुण होते, मराठी बोलणारे, डोळे लाल झालेले. फोटो काढला आणि मला उजेडासमोर धरून दाखवला, की मांडीच्या हाडाला वरती मान असते, ती इथे तुटली. त्यात तीन पाकळ्यांचा पोलादी खिळा ठोकायचा. तोवर आईच्या पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाला विटा लोंबकळत ठेवल्या. मग विचारलं, घरी किती दिवस ठेवलंत? मी म्हटलं, आठवडाभर. का? मी म्हटलं, देवासला काय आहे की... आणि तिथेच थांबलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी थकल्या आवाजात समजावून सांगितलं की या वयात माणूस हाडाने जात नाही, पडून राहण्याने जातो. छाती भरते. म्हणून लवकर खिळा घालायचा आणि लवकर उठवून बसवायचं. एरवी पुष्कळशी म्हातारी माणसं घरी जातात. पण या मोसमात वॉर्डातच ताप आहे, तेव्हा खिळा कितीही सरळ बसला तरी घरी किती जातील ते मला सांगता येत नाही. आणि तुम्ही घालवलेला प्रत्येक दिवस यांच्या श्वासातून वजा झालाय. मी मान हलवली. कवायतीच्या मास्तराला त्या वेळी सावधान उभं राहणंही जमत नव्हतं.

ऑपरेशन रोज ठरायचं आणि रोज मोडायचं. एकदा भूल देणारे डॉक्टर तापाने झोपले, ते उठले तर हत्यारं उकळणारी नर्स झोपली, ती उठली तर एक दिवस सर्जनच आले नाहीत. आणि दर वेळी आईला पहाटेपासून उपाशी ठेवलेलं. दुपारी सांगायचे, आज नाही. आईने त्याची एकादशी करून टाकली. म्हणायची, जन्मभर विठ्ठलासाठी उपास केले, आता हे भूल देणाऱ्यासाठी, आणि विठ्ठल निदान वेळेवर तरी उठतो. नर्सा हसायच्या. मी बाहेर जाऊन उभा राहायचो.

तिच्या शेजारच्या खाटेवर बागलीकडच्या खेड्यातली एक म्हातारी होती, तिचंही हाड तेच, खुब्याचं. मुलगा आणि सून दोघंही तापात पडलेली, म्हणून ही स्वतः विहिरीवर पाण्याला गेली आणि घसरली. (त्या वॉर्डात म्हातारी माणसं अशीच आली होती, अक्का. कोणी आजाऱ्याला पाणी द्यायला उठलं, कोणी औषध आणायला. ताप तरण्यांना आणि हाडं म्हाताऱ्यांची.) ती माळवीत आईशी बोलायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, ‘गोली वाला मास्टर आवा वाला था, पण वी आया ज नी.’ म्हणजे यायचा होता, पण आलाच नाही. आईने फक्त माझ्याकडे बघितलं. गोळ्यांनी काही ताप पळत नव्हता हे सर्जननीच मला सांगितलंय, पण ‘जाऊन दोन घागरी पाणी भरून दिलं असतं तर?’ हे मनातून जात नाही. तिचा खिळा आईच्या आधी घातला. चांगला बसला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, आणि ती खाट धुवून दुसरीला दिली.

मग आईचा खिळा झाला. आणि मग आईलाही ताप आला. त्याच सुमारास मलाही आला, खराखुरा, दात वाजवणारा, आणि गंमत बघ, आता तो मी कोणाला सांगितला नाही. सांगायला तोंड कुठे होतं? अंगावर धोतर लपेटून तिच्या खाटेशी बसून राहायचो. पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू होती. सर्जन म्हणाले, आता सगळं छातीवर आहे, यांना बसवा आणि खोल श्वास घ्यायला लावा, तासातासाने, आमच्याकडे माणसं नाहीत. अक्का, जन्मात पहिल्यांदा मला माझी नोकरी कामाला आली. मी शिट्टी काढली. श्वास आत, एक दो तीन, श्वास बाहेर. आई म्हणायची मी तुझ्या शाळेतलं पोर आहे का रे, आणि घ्यायची. दोन दिवसांनी सगळा बायकांचा वॉर्ड श्वास घेऊ लागला, कारण शिट्टी सगळ्यांनाच ऐकू जात होती. तिसऱ्या दिवशी मेट्रनने शिट्टी जप्त केली आणि पुढे तोंडानेच चालवा म्हणाली. रात्री मी देवाला सांगायचो की हिला ने पण मला तोंड दाखवायला लावू नकोस, आणि लगेच म्हणायचो की नको, नको, तोंड दाखवीन, हिला ठेव. असा मी तुमचा श्रावणबाळ.

ठेवलं त्याने. ती घरी आली. गावच्या सुताराकडून तिच्यासाठी पांगुळगाडा करून घेतला आहे, पोरांचा असतो तसाच, तीन चाकांचा, फक्त तिच्या उंचीचा. पहिल्या दिवशी आळीतली सगळी पोरं बघायला आली आणि आईने एकाला त्यावर बसवून फिरवलं. मी समोर उलटा चालत ‘बायां, दाहिना’ म्हणत असतो, आणि ती मला म्हणते, पाय माझे आहेत, मला माहीत आहेत कुठला कुठला आहे. कृष्णराव आठवड्याला येतात. त्यांना बोलवायला जगदेवकाका स्वतः रस्ता ओलांडून जातात! विचारलं तर म्हणतात, ज्या घराने पातीसाठी एवढं सोसलं त्याच्यासाठी मी एवढंही करू नये? हे ऐकलं की मी गाईला चारा घालायला जातो. आमच्याकडे गाय नाही.

ही हकीकत. यातलं भाषणात काय घ्यायचं ते तात्यासाहेबांनी ठरवावं. मुलांना आशीर्वाद. तुला काय लिहू? रागव, पण फार दिवस अबोला धरू नकोस.

तुझा, जसा आहे तसा,
चिंतामणी

ता. क. – आता मुद्द्याचं. सत्कार रद्द कर. कसाही कर, पण कर. तात्यासाहेबांना हे पत्र दाखवायची आवश्यकता नाही, वर त्यांच्यासाठी जे जे लिहिलंय ते तू तोंडी सांगू शकतेस किंवा नाही सांगितलंस तरी चालेल. मंडळाला इतकंच कळव की चिंतामणीला पुन्हा ताप भरला आहे. साथीचे दिवस आहेत, कोणी शंका घेणार नाही. दुर्गालाही काही लिहू नकोस, ती पुढच्या आठवड्यात येते आहे.

ता. क. दुसरी – वरची ता. क. वाचली नाहीस असं समज. पत्र पाकिटात घालण्याआधी खाली जाऊन आईला वाचून दाखवलं. (माडीवर घोंगडीत शिरलो तिथे आवाज इतका खाली गेला की तिने दोनदा ‘मोठ्याने’ म्हणून सांगितलं.) सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाकी बरोबर आहे, थालीपीठाचं चुकलं. ते तिचं नव्हतं. माझं होतं. मला ताप नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माडीवर मी बैठका काढायचो तेव्हा खाली तिच्या देवांवर माती पडायची, रोज सकाळी ती देव पुन्हा धुवायची. लाडूही मोजलेले होते. म्हणाली, भित्रा आहेस ते तू रांगत होतास तेव्हापासून माहीत आहे, पण धडधाकट पोराला पेजेवर किती दिवस ठेवायचं? काढा हातात घेतला तो शेजाऱ्यांना दिसावा म्हणून, थालीपीठ पदराखाली होतं.  मी विचारलं, अगं मग पहिलवान पाय ओढत होता तेव्हा तूच का नाही म्हणालीस कृष्णरावांना बोलवा म्हणून? तिने पांगुळगाड्याची चाकं पुढे मागे केली. म्हणाली, ‘तो वर माडीवर आला असता ना रे.’

ता. क. तिसरी – आई सांगते ते लिहितो. सत्कार नको, आणि खोटा तापही नको. तात्यासाहेबांना सगळं पत्र वाचायला दे. कावडीत बसणार नाही म्हणते, पण शाल घेऊन झाली असली तर पाठवून द्यावी, थंडीत खिळा ठणकेल असं कृष्णराव म्हणतात, आणि रंग फार भडक नको. मला म्हणते, दुर्गा आली की एक दिवस बागलीकडे जाऊन त्या म्हातारीच्या मुलाला भेटून ये. जाईन म्हणालो. (हे लिहून ठेव, अक्का, माझी मला खात्री नाही.) ही ओळ मी परत माडीवर येऊन लिहितो आहे, कारण खाली बसून लिहवेना. स्टुलावर शेगडी ठेवून ती उभ्याने थालीपीठ लावते आहे, इथपर्यंत वास आला आहे, आणि आत्ता खालून ओरडली, की झालंय, उतरून ये, आता मी काही वर आणून द्यायची नाही.